सारजा आणि जोडपावती

मला कॉम्प्युटरचा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की कुंडलिक काटेकर म्हातारपणी शहाणपण शिकवायला निघाला. माझं खरं आडनाव वेगळं आहे, पण सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली, त्यामुळे कन्हेरीपासून इंदापुरापर्यंत लोक मला काटेकरच म्हणतात. घरी बायको ठमाबाईसुद्धा चिडली की म्हणते, "या काटेकर, वजन करून जेवा."

कारखाना इंदापूर तालुक्यातला. नाव लिहीत नाही, कारण त्यातली अर्धी माणसं अजून माझ्या लग्नाकार्यात येतात. सारजा तिथं आली ती १९९८च्या नोव्हेंबरात, गळीत सुरू झालं त्याच आठवड्यात. निमगाव केतकीच्या ज्ञानदेव ओव्हाळांची थोरली मुलगी. ज्ञानदेव आमच्याच मिलमध्ये फिटर. नाव ऐकून मला वाटलं, डोक्यावर पदर घेतलेली कुणी पोक्त बाई येईल. आली ती पंजाबी ड्रेसातली, खांद्याला झोळी आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेली सव्वीस वर्षांची पोरगी. नाव आजीचं ठेवलेलं. ते बदलून घे म्हणून कॉलेजात मैत्रिणी मागं लागल्या होत्या म्हणे. हिनं ऐकलं नाही. बारामतीला बी.एस्सी. केलं, मग तिथंच एका कॉम्प्युटर क्लासात डिप्लोमा केला, आणि तिथंच दोन वर्षं शिकवलं. आमच्याकडं तिची नेमणूक एका सीझनपुरती, हंगामी.

आल्या आल्या तिनं आमच्या भोंग्याकडं बोट दाखवलं.

भोंग्याचं असं होतं. उसाची भरलेली गाडी आधी माझ्या काट्यावर यायची. मी वजन करून पावती द्यायचो, पावतीवर नंबर असायचा. मग गाडीवानानं गाडीतळावर थांबायचं. नंबर पुकारला की गाडी गव्हाणीकडं न्यायची, म्हणजे जिथून ऊस मिलमध्ये जातो तिथं, आणि रिकामी करायची. हे पुकारणं भोंग्यावरून चालायचं. शेजारी मिल धडधडत असायची आणि पुकारणारा गडी तोंडात तंबाखू धरून बोलायचा. एकशेसाठ म्हणाला की एकशेसात, हे देवाला ठाऊक. दिवसाला दोन मारामाऱ्या ठरलेल्या.

सारजानं गेस्ट हाऊसमधला जुना एकवीस इंची टीव्ही मागून घेतला, गाडीतळाच्या शेडमध्ये उंचावर टांगला, आणि केबिनमधल्या कॉम्प्युटरवरचे आकडे त्या टीव्हीवर दिसतील अशी जोडणी केली. आकडे मराठी, चार बोटं उंच. आंधळा सोडला तर कुणालाही दिसावेत.

"ह्याला कारखान्यानं पैसं किती मोजलं?" मी विचारलं.

"प्रोग्राम फुकट हाय तात्या. मासिकाबरोबर सीडी येती, तिच्यावर हुता. नॉर्वेच्या एका माणसानं लिहिलाय."

"फुकटच्या मालात खोट असती बघ."

"असंल की. पर ह्यो झाकलेला माल न्हाय. आत काय लिहिलंय ते सगळं वाचाया मिळतं. बिघडला तर आपुन नीट करायचा, न् त्या माणसाला कळवायचं. अशी रीतच हाय त्यांची."

मला ती रीत काही पटली नाही. जो माणूस फुकट देतो आणि वर चुका दाखवा म्हणतो, तो एकतर साधू असणार नाहीतर रिकामटेकडा. मी तसं बोलूनही दाखवलं. सारजा हसली आणि त्या प्रोग्रामला तिनं नाव ठेवलं, राखणदार.

राखणदाराचं काम तिनं मला समजावून दिलं, तेवढं इथं सांगतो. माझ्या काट्यावर पावती निघाली की तिची एक छोटी फाईल केबलमधून सारजाच्या कॉम्प्युटरवर जायची आणि ठरलेल्या एका फोल्डरात पडायची. फोल्डरात काही हललं की विंडोज राखणदाराला हाक मारायची. मग राखणदार उठायचा, फोल्डर चाळायचा, नवी फाईल कोणती ते बघायचा, तिच्यातला नंबर टीव्हीवर रांगेत लावायचा आणि पुन्हा बसायचा. गव्हाणीवरचा माणूस टीव्हीवर सर्वांत वर असलेली गाडी आत घ्यायचा.

पहिला महिना सुखाचा गेला. मारामाऱ्या बंद झाल्या. भोंगा कपाटात गेला आणि तंबाखूवाला गडी रिकामा झाल्यामुळे माझ्याकडं चुना मागायला येऊन बसू लागला. डिसेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या पुऱ्या भरल्या, बैलांच्या टायरगाड्यांची रीघ लागली, आणि नंबर चुकायला लागले.

नंबर चुकणं आम्हाला नवं नव्हतं. गाडीवान पहाटेपासून राबलेला असतो, गाडीखाली आडवा होतो, डोळा लागतो, नंबर येऊन जातो. अशा गाड्यांसाठी माझ्या टेबलावर एक वेगळं रजिस्टर होतं. गाडी त्यात लिहायची, नवा नंबर देऊन रांगेच्या शेवटी लावायची, आणि शेरा मारायचा. शेरा ठरलेला, "गाडीवान झोपेत". बावीस वर्षं तोच शेरा. लिहायला मला बघावंसुद्धा लागायचं नाही.

छबूबाई माझ्यापुढं पहिल्यांदा पावती आपटून उभी राहिली तेव्हाही मी तोच शेरा मारला.

ही छबूबाई बीडकडच्या टोळीतली. चाळिशीची, काटक, आवाज खणखणीत. नवऱ्याचा हात मोडून तो कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पडून होता, म्हणून गाडी ती स्वतः हाकायची. पुढं दीर मानसिंगची गाडी, मागं हिची. बाईनं गाडी हाकणं त्यांच्या मुकादमाला, सोपानला, पहिल्यापासून खपत नव्हतं. कारखान्याची टायरगाडी एका जोडप्याला मिळते, ती गेली की सीझन गेला. सोपान उघड म्हणायचा, "खेपा कमी पडल्या की गाडी काढून दुसऱ्याला देनार." आणि नंबर चुकला की खेप कमी पडायचीच, कारण रांगेच्या शेवटी लागलेल्या गाडीला दुपारची दुसरी खेप करायला उजेड उरायचा नाही.

"तात्या, माझा नंबर आलाच न्हाय," छबूबाई म्हणाली.

"आला आसंल. झोपली आसशील."

"म्या? दिसा झोपती म्या? मला अक्षर येत न्हाय पर आकडा येतो. चारशे बारा आला, मानसिंग गेला. मंग चारशे चवदा आला. मधला तेरा कुठं गेला?"

"चहाला गेला," मी म्हणालो, आणि मागचे गाडीवान हसले.

हे मी बोललो. आज लिहिताना लाज वाटते, पण बोललो ते बोललो.

सातव्या वेळी नवा नंबर घेतला, पण माझ्याशी भांडत बसली नाही. सरळ सारजाच्या केबिनमध्ये गेली. सारजानं तिला खुर्ची दिली. हे मी काचेतून बघत होतो, आणि मनात म्हटलं, बसा दोघी, आता बाई रडणार आणि पोरगी पाणी देणार. तसं काही झालं नाही. सारजानं वही काढली, तारीख, वार, नंबर, सगळं विचारून लिहून घेतलं. मग दोघी उठून गाडीतळावर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सारजा छबूबाईच्या गाडीत उसाच्या मोळ्यांवर मांडी घालून बसलेली, मांडीवर वही, नजर टीव्हीवर. ऑफिस सोडून उसाच्या गाडीवर! ज्ञानदेव मिलमधून बाहेर आला, लेकीकडं बघितलं, आणि चहाचा कप तिच्या हातात देऊन गेला.

साडेअकराला दोनशे सहासष्ट लागला. त्याखाली दोनशे अडुसष्ट. छबूबाईच्या हातात सदुसष्टची पावती.

"बघ," छबूबाई म्हणाली.

"बघितलं," सारजा म्हणाली.

त्या दिवशी मात्र शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं हे मला सुचेना. मी रकाना रिकामा ठेवला. पण आधीचे सात शेरे रजिस्टरात होते, आणि ते रजिस्टर सोपाननं शेतकी साहेबांना नेऊन दाखवलं. बघा साहेब, बाई सात वेळा झोपली. कारखान्याच्या माणसाच्या हाताचं लिहिलेलं आहे. साहेब माणूस वाईट नव्हता, पण लिहिलेल्या कागदावर त्याचा फार विश्वास. त्यानं सारजाला, मला आणि सोपानला बोलावलं.

"शनिवारपर्यंत बघतो," साहेब म्हणाले. "यंत्रात चूक असेल तर टीव्ही काढा, भोंगा लावा. चूक नसेल तर त्या बाईची गाडी सोमवारी दुसऱ्या जोडीला द्या. दोन्हींपैकी एक काय ते होणार."

तो दिवस मंगळवार होता.

आता सारजाचं काम बघण्यासारखं होतं. बुधवारी सकाळी तिनं केबल धरली. तिचे सगळे सांधे उघडून पुन्हा आवळले. दोन नंबर गळालेच. मग तिला वाटलं, विंडोज हाकच मारत नसेल. म्हणून तिनं राखणदाराच्या आत एक ओळ घातली, हाक ऐकू आली की वेळेसकट लिहून ठेव. दुपारी ती यादी बघितली तर हाका बरोबर होत्या, जेवढ्या पावत्या तेवढ्या. गळालेल्या नंबरच्या फाईलीसुद्धा फोल्डरात जागच्या जागी होत्या. म्हणजे फाईल आली, हाक मारली, राखणदार उठला, आणि समोरची फाईल न बघता परत बसला.

"मंग झोपतंय त्ये तुझं राखनदार," मी म्हणालो.

"कोन झोपतंय त्ये कळंल," ती म्हणाली. तिचा आवाज जरा कडक होता. मी चुन्याची डबी शोधू लागलो.

प्रोग्राम तिनं लांब घडीच्या कागदावर छापून घेतला होता. निमगावच्या एस.टी.त उभ्यानं वाचायची. कंडक्टरला वाटायचं, परीक्षा आहे. केबिनमध्ये ती हातानं फाईली तयार करून फोल्डरात टाकायची, एक, दोन, तीन, वीस. वीसच्या वीस टीव्हीवर लागायच्या. चूक तिच्यापुढं यायलाच तयार नव्हती. काट्यावर गाड्या लागल्या की हजर.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती वडिलांजवळ बसली होती, मी शेजारच्या बाकावर. डबा तिनं तसाच मिटला.

"आप्पा, माझ्या टेबलावर बिघडतच न्हाय ते."

ज्ञानदेव सावकाश खाणारा माणूस. त्यानं घास संपवला. ज्ञानदेवला मी मिलमध्ये काम करताना पाहिलेलं आहे. बेअरिंग वाजायला लागलं की हा लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटून पाच मिनिटं नुसता ऐकायचा. इंजिनिअर लोक घड्याळं बघायचे. मग तो बोट दाखवायचा, आणि तेच बेअरिंग निघायचं.

"टेबलावर कशाला बसतीस?" ज्ञानदेव म्हणाला. "मशिन चालू आसतंय तितं कान लावावा. फाईल जन्मती कुठं?"

"तात्याच्या काट्यावर."

"मंग जा की तात्याकडं."

शुक्रवारी सकाळी सारजा माझ्या काट्यावर येऊन स्टुलावर बसली. मला आवडलं नाही. माझ्या कामावर कुणी नजर ठेवलेली मला कधी आवडली नाही, पण मी काम चालू ठेवलं. ट्रॅक्टर आले, गेले. पावती निघाली, फाईल गेली, टीव्हीवर नंबर लागला. सगळं ठीक. साडेनऊच्या सुमाराला टोळीच्या बैलगाड्या आल्या. एक गाडी काट्यावर चढली. वजन झालं, मी आकडा घेतला, पण पावती काढली नाही. मागची चढली. तिचंही वजन घेतलं. मग एक बटण दाबलं, खट, पुन्हा दाबलं, खट. दोन्ही पावत्या निघाल्या, मी दोन्ही एकदम पुढच्याच्या हातात दिल्या.

सारजा स्टुलावरून उठली.

"तात्या, पयल्याची पावती थांबवून का ठिवली?"

"जोडपावती हाय ती," मी म्हणालो. मला बोलायला हुरूप आला, कारण ही रीत मीच पाडलेली. "काट्याला चढ हाय. भरलेली गाडी एकट्या बैलांना वडत न्हाय, म्हनून जोडीतला दुसरा मागनं रेटा देतो. पयल्याला पावती दिली तरी त्यो म्होरं जात न्हाय, जोडीदारासाठी तितंच हुभा ऱ्हातो, न् वाट आडती. मंग म्या ठरीवलं, जोडी वजन झाली की दोन्ही पावत्या एकदम. दोघं संगट जात्यात. बावीस वर्सं आसंच चाललंय. आदी हातानं लिवायचो, आता बटन दाबतो."

"न् छबूबाईची गाडी कायम मागं."

"कायम. मानसिंग म्होरं, ती मागं."

सारजानं त्या दोन पावत्यांच्या स्थळप्रती माझ्या टेबलावरून उचलल्या. पावतीवर वेळ छापलेली असते, सेकंदासकट. पहिलीवर बेचाळीस सेकंद, दुसरीवर त्रेचाळीस. ती पळतच केबिनमध्ये गेली. मीही गेलो. काटा तंबाखूवाल्याच्या हवाली केला आणि गेलो, बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं दोन्ही फाईलींवर उजवं बटण दाबून त्यांची वेळ उघडून दाखवली. पहिली बेचाळीस सेकंद. दुसरीसुद्धा बेचाळीस.

"पावतीवर त्रेचाळीस हाय की," मी म्हणालो.

तिनं आणखी एक फाईल उघडली. सोळा सेकंद. आणखी एक. अडतीस. आणखी. चार. ती उघडत गेली आणि मी मोठ्यानं वाचत गेलो. वीस, छप्पन्न, बत्तीस, दहा, अठ्ठेचाळीस. पंधरा-वीस फाईली झाल्यावर मलाही दिसलं. एकही आकडा विषम नव्हता.

"ह्या डिस्कला विषम सेकंद म्हाईतच न्हाईत तात्या," सारजा म्हणाली, आणि खुर्चीत मागं रेलून मोठ्यानं हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "ती दोन-दोन सेकंदांनीच मोजती. तुमी खट-खट पावत्या काढल्या की दोन्ही फाईलींवर एकच वेळ पडती. राखणदार पयली बघतो न् वेळ ध्यानात ठिवतो. दुसरीसाठी हाक येती, उठतो, बघतो, हिची वेळ मघाच्या वेळेपुढची हाय का? न्हाय. मंग नवं काय न्हाय म्हनून बसतो. म्या टेबलावर सावकाश फाईली टाकत हुते, तवा कशी सापडंल चूक?"

मला सगळं कळलं नाही, पण जेवढं कळायला हवं तेवढं लख्ख कळलं. बाकी जोड्यांत कधी हा पुढं, कधी तो. आज ह्याचा नंबर चुकला, उद्या त्याचा, कुणाच्या लक्षात आलं नाही. छबूबाई मात्र रोज मागं. तिचा नंबर खात होती ती माझी जोडपावती. आणि वर मीच शेरा मारत होतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. साहेबांपुढं ही पोरगी सांगणार, तात्याच्या सवयीमुळं झालं. तिनं तसं सांगितलं असतं तर त्यात एक शब्द खोटा नव्हता.

"सारजा," मी म्हणालो, "म्या उद्यापास्नं जोडपावती बंद करतो. एकेक काढतो. तुझं काम झालं."

तिनं मान हलवली. "का म्हनून? तुमची रीत बरूबर हाय. चढावर माणसं एकमेकाला रेटा देत्यात, ते बंद करून मशिनीची सोय कराया निघालो तर उलटंच हुईल. चूक राखनदारात हाय. त्येला वेळेवर भरवसा ठिवू द्यायचा न्हाय, नावं घेऊन हजेरी घ्यायला लावायची. शाळंत गुरुजी घेत्यात तशी."

दुपारी चारपर्यंत तिनं ते केलं. पाच-सहा ओळी बदलल्या असतील. वेळ तीच असली तरी फाईल बघायची, आणि कोणत्या नावाची फाईल टीव्हीवर लागून गेली ते लक्षात ठेवायचं. प्रोग्राम नव्यानं बांधून तिनं मला काट्यावर पिटाळलं. "आता येईल ती जोडी. नेहमीसारखं खट-खट."

आली ती छबूबाईचीच जोडी. मानसिंगचं वजन झालं, छबूबाईचं झालं. मी बटण दाबलं, खट, खट. मान वाकडी करून शेडकडं बघितलं. टीव्हीवर तीनशे एक लागला. त्याच्याखाली तीनशे दोन लागला.

छबूबाई बैलांच्या पुढ्यातून ओरडली, "आला गं बया! सारजाबाई, माझा आला!" तिनं कासरा मानसिंगच्या हातात टाकला, केबिनच्या दारात गेली आणि सारजाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. सारजाच्या तोंडाला उसाची कुसं लागली. ती ते पुसतही नव्हती.

मी काट्यावरून उतरून गेलो. "छबूबाई, चुकलं माझं."

"तुमचं कशानं? मशिनीचं चुकलं," ती म्हणाली आणि बैल घेऊन निघून गेली.

मी तिथंच उभा राहिलो. सारजानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा कॉम्प्युटरकडं वळली.

शनिवारी तिनं साहेबांना सांगितलं, प्रोग्रामात चूक होती, ती निघाली, टीव्ही राहू द्या, गाडीही राहू द्या. काटा, जोडपावती, कुंडलिक, यातला एकही शब्द तिनं उच्चारला नाही. सोपाननं रजिस्टराकडं बोट दाखवलं. साहेब म्हणाले, "यंत्र चुकलं म्हणतायत ना? मग गाडी राहू दे तिच्याकडं." छबूबाईची गाडी राहिली. त्या सीझनला तिच्या खेपा टोळीत दुसऱ्या नंबरावर होत्या. पहिल्या मानसिंगच्या. पुढं असायचा ना तो.

रविवारी सारजा बारामतीला आपल्या जुन्या क्लासात गेली. तिथं फोनच्या लाइनीवर इंटरनेट होतं. तिथून तिनं नॉर्वेच्या त्या माणसाला पत्र पाठवलं, बदललेल्या ओळींसकट. इंग्रजीची तिला धास्ती होती, तीनदा खोडून लिहिलं म्हणाली. आठवड्यात उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, माझ्या डिस्कवर वेळ फार बारीक मोजली जाते, त्यामुळे ही चूक मला जन्मात दिसली नसती, तुमचे आभार. आणि विचारलं होतं, ही चूक पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली? नव्या आवृत्तीबरोबर आम्ही नावं छापतो. दुरुस्ती करणाऱ्याचं वेगळं, चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याचं वेगळं.

मार्चअखेरीला कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. टोळ्या गाड्या जमा करून कोप्या मोडायला लागल्या. त्या दिवशी सारजा बारामतीहून एक छापील कागद घेऊन आली. नव्या आवृत्तीचा. तिनं तो छबूबाईपुढं धरला आणि इंग्रजी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. दुरुस्ती, सारजा ओव्हाळ. चूक प्रथम दाखवणार, छबूबाई.

छबूबाईनं कागद जवळ घेतला, लांब धरला. "ह्यात आकडा न्हाय यक बी," ती म्हणाली. "मला कसं कळावं?"

"हितं तुमचं नाव हाय. जगात जो कुनी ह्यो प्रोग्राम घेईल त्येच्याकडं जाणार."

"आन् काय म्हनून लिवलंय?"

"की तुमाला दिसलं. आदी कुनालाच दिसलं नव्हतं."

छबूबाईनं कागदाची लहान घडी केली आणि चंचीत ठेवली, नवऱ्याच्या औषधाच्या पुडीशेजारी. मग टोळीचा ट्रक सुटला.

सारजाला पुढच्या सीझनला कायम केलं. आज ती बारामतीत राहते, स्वतःचा व्यवसाय आहे, चार पोरं हाताखाली आहेत, आणि अजून फुकटच्या प्रोग्रामांतल्या चुका काढून लोकांना पत्रं लिहिते. मला भेटली की वाकून नमस्कार करते आणि विचारते, "तात्या, वजन किती?" पण मला सांगायचंय ते त्या मार्चमधल्या दिवसाचं.

ट्रक गेल्यावर मी काट्यावर परत आलो. सगळीकडं सामसूम. मिल बंद, गाडीतळ रिकामा. कपाटातून ते रजिस्टर काढलं. सात जागी माझ्या हातचं "गाडीवान झोपेत". सात समुद्रांपलीकडच्या माणसानं त्या बाईचं नाव मानानं छापलं होतं, आणि आमच्या कारखान्यात ती झोपलेली होती, वळणदार अक्षरात.

रजिस्टरात खाडाखोड करायची तर साहेबांची सही लागते. हा नियम नव्या पोरांना मीच शिकवत आलो होतो. मी रजिस्टर काखेत मारलं आणि साहेबांकडं गेलो. जोडपावतीचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

साहेबांनी चष्मा काढला. "अहो कुंडलिकराव, सीझन संपला. गाडी तिच्याकडंच राहिली होती. आता याचा काय उपयोग?"

"उपेग न्हाय साहेब. पर सही करा."

त्यांनी सात सह्या केल्या. मी सात ओळी खोडल्या, आणि प्रत्येकीच्या वर जागा होती तेवढ्यात बारीक अक्षरात लिहिलं, "गाडीवान छबूबाई जागी होती."